परीक्षणात चित्रपटाचं नाव कसं लिहावं : अवतरण, प्रत्यय, कंस आणि बाकीची चिन्हं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इफ्फीत, म्हणजे गोव्यात भरणाऱ्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात पाहिलेल्या चित्रपटांवर तुम्ही मराठीत लिहिता. ते कधी पणजीतल्या एखाद्या दैनिकाच्या पुरवणीला पाठवता, कधी नुसतं फेसबुकवर टाकता. चित्रपटाचं नाव ठळक करावं, तिरकं करावं की अवतरणात घालावं? अवतरण एकेरी की दुहेरी? साल आणि कलाकारांची नावं कुठे टाकायची? कोकणी आणि परदेशी नावांचं काय? संवाद कसे उद्धृत करायचे? इंग्रजी परीक्षणांचे नियम वाचले तर गोंधळ आणखी वाढला, असंही तुम्ही लिहिलंय.

वाढणारच. ते नियम ज्या भाषेसाठी केलेत, तिथे नावाला आपल्यासारखे प्रत्यय चिकटत नाहीत. नाव तिरकं केलं की तिथलं काम संपतं. मराठीत मात्र ने, ला, चा, मध्ये, वर, पेक्षा यांतलं काहीतरी नावाला लागल्याशिवाय परीक्षणाची दोन वाक्यंही पुढे सरकत नाहीत. तुमच्या निम्म्या शंका याच सांध्यावर अडल्या आहेत. नाव कुठे संपलं आणि प्रत्यय कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे. चिन्ह कोणतं, साल कुठे, कंस कुठे, हे त्यावरून ठरवायचं.

काही गोष्टी अर्थातच तुम्ही कुणासाठी लिहिता यावर आहेत. ज्या दैनिकाला पाठवता त्याच्या पुरवणीचे चार अंक समोर घ्या आणि तिथलं नाव, साल, श्रेयनामावली कशी छापली जाते ते बघा. तिथे ‘केले, असे, त्यांचे’ चालत असेल तर तसंच पाठवा. ‘केलं, असं, त्यांचं’ लिहिलंत तर उपसंपादक बदलेल, पण सगळीकडे बदलेलच असं नाही, आणि मग एकाच परिच्छेदात दोन्ही रूपं छापून येतात. स्वतःच्या पानावर लिहिताना मोकळीक आहे, फक्त एक रूप धरा. पुढे जे सांगतोय ते अशा मोकळ्या जागेसाठी, जिथे निर्णय तुमचाच असतो.

चित्रपटाच्या नावाला एकेरी अवतरणचिन्ह. तिरकी अक्षरं देवनागरीला मानवत नाहीत. बहुतेक मराठी फाँटांमध्ये खरी तिरकी अक्षरं नसतातच. संगणक उभ्याच अक्षरांना कलतं करतो, शिरोरेषा आडवी राहते आणि काने कलतात, त्यामुळे रफार, वेलांटी आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर जाऊन आदळतात. ठळक अक्षरं दिसायला बरी, पण ती मजकुराचा भाग नसतात. ईमेलमधून पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर गेला की ठळकपणा हमखास गळतो आणि नाव वाक्यात हरवतं. व्हॉट्सॲपवर ताऱ्यांमध्ये ठेवलेल्या शब्दाला लगेच प्रत्यय जोडला तर बऱ्याचदा शब्द ठळक होतच नाही, तारे तेवढे दिसत राहतात. अवतरणचिन्ह हे अक्षरासारखंच एक चिन्ह आहे. मजकूर कुठेही नेला तरी ते सोबत जातं. दुहेरी अवतरण संवादासाठी राखून ठेवायचं. शाळेतल्या व्याकरणातही तेच आहे : बोलणाऱ्याचे शब्द दुहेरीत, वेगळा दाखवायचा शब्द एकेरीत. ठळक अक्षरं वापरायचीच असतील तर फक्त माहितीच्या चौकटीत वापरा.

आता प्रत्यय. तो मिटत्या अवतरणाला चिकटून, मध्ये जागा न सोडता लिहायचा : ‘श्वास’ने, ‘फँड्री’ची, ‘सैराट’मुळे. जागा सोडली की फोनच्या अरुंद पडद्यावर ओळ नेमकी तिथेच तुटते आणि पुढची ओळ ‘ने’पासून सुरू होते. ही जागा बहुतेक वेळा आपण टाकलेली नसते. सुचवलेल्या शब्दांतून शब्द निवडला की कळफलक पुढे आपोआप जागा सोडतो, म्हणून प्रत्येक नावानंतर एकदा मागे जाऊन बघावं लागतं.

नावाचं सामान्यरूप करायचं नाही. अवतरणाच्या आतलं नाव जसं पडद्यावर आहे तसंच राहतं. ‘किल्ला’ (२०१४) या चित्रपटाचं उदाहरण घ्या. ‘किल्ला’मधला मुलगा म्हणजे चित्रपटातलं पात्र, किल्ल्यातला मुलगा म्हणजे तटावर उभा असलेला कुणीही. ‘किल्ल्या’तला असं लिहिलंत तर दोन्ही बुडाले, कारण ‘किल्ल्या’ नावाचा चित्रपटच नाही. त्यामुळे नावाच्या शेवटी आ, ए किंवा ऊ असेल तिथे त, ई, आ हे प्रत्यय जोडण्यापेक्षा ‘मध्ये’, ‘मधला’, ‘वर’, ‘साठी’ हे शब्द सोयीचे पडतात, कारण ते नावाला हात लावत नाहीत. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त हे चालतं, तिथे रूप बदलत नाही; पण कानाला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मध्ये जास्त मोकळं वाटतं.

नावात आकडा असला तरी हाच नियम. ‘मुंबई-पुणे-मुंबई २’मध्ये असं लिहिलं की तो २ नावाचा आहे हे कळतं. अवतरण काढा आणि तेच वाक्य वाचून बघा, आकडा कुठल्या शब्दाचा ते शोधावं लागेल.

सगळ्यात जास्त घोटाळा कंसात होतो. पहिल्या उल्लेखात साल द्यायचं असतं, म्हणून लोक ‘श्यामची आई’ (१९५३)ने असं काहीतरी लिहितात. प्रत्यय कंसाला लागतो, आणि मोठ्याने वाचताना ‘एकोणीसशे त्रेपन्नने’ असं येतं. ‘श्यामची आई’ने (१९५३) हे थोडं बरं, पण कंस आता प्रत्ययाच्या मागे लटकतो आणि लांब वाक्यात तो कशाचा ते कळत नाही. यातून सुटायची वाट सोपी आहे : कंस आला की पुढे ‘या चित्रपटाने’, ‘या चित्रपटातली’ असा आधार द्यायचा. ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटाने पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं. दुसऱ्या उल्लेखापासून साल नको, म्हणून कंस नको, म्हणून नुसतं ‘श्यामची आई’ने. इथे साल देणं गरजेचंच आहे, कारण याच नावाचा दुसरा चित्रपट २०२३ मध्ये आला. ‘देवदास’ लिहिताना तर १९३५, १९५५ की २००२ हे सांगितल्याशिवाय वाचक पुढे जाऊच शकत नाही.

कलाकारांच्या नावांनाही हेच लागू. पात्राचा पहिला उल्लेख आला की कंसात कलाकार : गणपतराव बेलवलकर (नाना पाटेकर). पुढे प्रत्यय हवा असेल तर ‘यांचा’, ‘याने’, ‘हिला’ असा स्वतंत्र शब्द घ्या : गणपतराव बेलवलकर (नाना पाटेकर) यांचा अहंकार. ‘(नाना पाटेकर)चा’ नको. आणि पात्राच्या जागी कलाकार, कलाकाराच्या जागी पात्र अशी अदलाबदल एका परिच्छेदात करू नका. कथा सांगताना पात्राचं नाव, अभिनयाबद्दल बोलताना कलाकाराचं, एवढं पाळलं तर निम्मे कंस आपोआप गळतात. आदराचंही इथेच ठरवून टाका : दिग्दर्शक, कलाकार, तंत्रज्ञ यांना ‘यांनी’, पात्रांना गोष्टीत जसं वय आणि नातं असेल तसं एकेरी किंवा अनेकवचनी. पात्राला ‘त्यांनी’ आणि ते रंगवणाऱ्या नटीला ‘तिने’ असं उलटं झालेलं बऱ्याच परीक्षणांत दिसतं. लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही, वाचणाऱ्याच्या येतं.

तुम्ही साल कुठलं द्यायचं हे विचारलेलं नाही, पण महोत्सवातल्या चित्रपटांना हा प्रश्न येतोच. ‘कोर्ट’ व्हेनिसला २०१४ मध्ये दाखवला गेला आणि आपल्याकडे चित्रपटगृहांत एप्रिल २०१५ मध्ये आला. ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कार २००३ सालचा, पण प्रेक्षकांनी तो पाहिला २००४ मध्ये. दोन्ही सालं बरोबर आहेत. मी पहिल्या जाहीर प्रदर्शनाचं साल धरतो, कारण ते पुढे बदलत नाही; चित्रपटगृहातली तारीख देशागणिक बदलते. तुम्ही दुसरं धरलंत तरी बिघडत नाही. एकाच लेखात मात्र एका चित्रपटाला महोत्सवाचं आणि दुसऱ्याला चित्रपटगृहाचं साल लावू नका.

चित्रपटाच्या नावातच चिन्ह असेल तर ते आत ठेवायचं. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय!’ यातलं उद्गारचिन्ह नावाचं आहे, तुमच्या वाक्याचं नाही, म्हणून अवतरण मिटण्याआधी येतं. ‘हम आपके हैं कौन..!’ यात टिंबं दोनच आहेत. तिसरं आपण घालायचं नाही. वाक्याचा पूर्णविराम मात्र अवतरणाच्या बाहेर, कारण तो वाक्याचा. नावातल्या प्रश्नचिन्हापुढे पूर्णविराम आला की दोन चिन्हं शेजारी बसतात आणि वाईट दिसतात. मराठीत हे टाळणं अगदी सोपं आहे : आपलं क्रियापद शेवटी येतं, तेव्हा नाव वाक्याच्या मध्ये आणा आणि पूर्णविराम ‘आहे’नंतर पडू द्या.

क्रियापदाचं लिंगवचन नावावरून ठरत नाही. ‘श्यामची आई’ प्रदर्शित झाला, कारण मनात धरलेला शब्द चित्रपट आहे. तुम्ही ‘फिल्म’ म्हणत असाल तर झाली. दोन्हींची भेसळ नको.

आता आपल्याकडचा खास भाग. कोकणी नाव कोकणीच्याच लेखनाने लिहा. ‘आमचें नशीब’ (१९६३) यातल्या ‘चें’वरचा अनुस्वार मराठीत लागत नाही म्हणून पुसायचा नाही, प्रत्यय मात्र मराठीचा, म्हणजे ‘आमचें नशीब’ची गाणी. रोमी लिपीत नाव असलेल्या चित्रपटांना थोडा विचार करावा लागतो. ‘नाचोम-इया कुंपासार’च्या रोमी नावात संयोगचिन्ह आहे, देवनागरीत कुणी ते ठेवतं, कुणी ‘नाचुंया कुंपासार’ असं उच्चाराप्रमाणे लिहितं. मी पोस्टरशी जुळणारं रूप घेतो, म्हणजे पोस्टर पाहून शोधणाऱ्याला लेख सापडतो. आडनावांच्या रोमी लेखनात ‘डी’नंतर वर येणारा ॲपॉस्ट्रॉफी देवनागरीत आणायची गरज नाही : डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा. गोव्यात ही नावं आपण रोज अशीच वाचतो, परीक्षणातच वेगळा थाट कशाला?

परदेशी चित्रपटाचं नाव महोत्सवाच्या पुस्तिकेत ज्या रूपात आहे, ते देवनागरीत लिहा. तुमच्या लेखाचा वाचक त्याच नावाने खेळ शोधणार. मूळ भाषेतलं नाव द्यायचं तर ते पहिल्या उल्लेखात, एकदाच, कंसात. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ च्या चित्रपटाला कुणी ‘बायसिकल थीव्ह्ज’ म्हणतं, तर अमेरिकेत तो ‘द बायसिकल थीफ’ या नावाने लागला होता. इटालियन नाव ‘लाद्री दी बिचिक्लेत्ते’. तिन्ही खरी आहेत, लेखात एक घ्या. नावाचा मराठी अर्थ सांगायचा असेल तर त्याला अवतरण नको, नाहीतर तेही चित्रपटाचंच एखादं नाव वाटतं. सरळ वाक्यात सांगा : नावाचा अर्थ, सायकलचोर. दिग्दर्शकाच्या नावातल्या आद्याक्षरांनंतर टिंब आणि जागा : व्ही. शांताराम. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबून न तुटणारी जागा टाकली तर ‘व्ही.’ एका ओळीत आणि ‘शांताराम’ दुसरीत असं होत नाही. संस्थांच्या संक्षेपांना टिंबं नकोत : एफटीआयआय. ‘इफ्फी’ तर आता शब्दच झालाय, त्याला अवतरणही नको. महोत्सवाचं नाव हे कलाकृतीचं नाव नाही.

संवाद दुहेरीत. आधी ‘तो म्हणतो’ आलं की स्वल्पविराम, मग अवतरण, आणि पूर्ण वाक्य उद्धृत केलं असेल तर त्याचा पूर्णविराम आत : ती म्हणते, “मी परत येणार नाही.” उलट रचनेत, म्हणजे “मी परत येणार नाही,” असं ती म्हणते, इथे स्वल्पविराम ठेवणारे आणि न ठेवणारे दोन्ही छापखाने आहेत. ‘असं’ हा शब्दच सांधा जोडत असल्याने मला तो स्वल्पविराम जास्तीचा वाटतो, पण यावरून भांडू नये. संवादात चित्रपटाचं नाव आलं तर बाहेर दुहेरी, आत एकेरी. हिंदी किंवा कोकणी संवाद मूळ भाषेत द्या. आपल्या वाचकाला दोन्ही कळतात. इतर भाषांतला संवाद तुम्ही सबटायटलमधून वाचलेला असतो, म्हणजे ते पात्राचे शब्द नसतात, अनुवादाचा अनुवाद असतो. तिथे अवतरण काढून आशय सांगणं प्रामाणिक : बाप मुलाला सांगतो की आता घर विकावं लागेल.

माहितीची चौकट लेखाच्या आधी किंवा शेवटी, मध्ये कधीच नको. एका ओळीत एक गोष्ट : दिग्दर्शन, पटकथा-संवाद, छायालेखन, संकलन, संगीत, कलाकार, भाषा, कालावधी मिनिटांत, प्रमाणपत्र. ओळीच्या शेवटी पूर्णविराम नाही, नावांमध्ये स्वल्पविराम, नावांआधी ‘श्री.’ नाही. शीर्षक आणि नाव यांच्यामध्ये अपूर्णविराम टाकताना त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा : ‘संगीत : अमुक’. इंग्रजीच्या सवयीने तो शब्दाला चिकटवला की विसर्गासारखा दिसतो. याहून वाईट म्हणजे काही जण कळफलकावरचा विसर्गच अपूर्णविराम म्हणून वापरतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण संगणक त्याला आधीच्या अक्षराचा भाग समजतो. मग ‘संगीत’ हा शब्द कधीकधी शोधून सापडत नाही आणि शुद्धलेखन तपासनीस लाल रेघ ओढतो. प्रमाणपत्र लिहिताना लक्षात ठेवा, २०२४ च्या नियमांपासून यूए या वर्गाचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग झाले आहेत; नुसतं ‘यूए’ जुन्या चित्रपटांनाच. महोत्सवातल्या चित्रपटांना बहुधा प्रमाणपत्र नसतंच, तेव्हा ती ओळ गाळा. ताऱ्यांचं म्हणाल तर मला ते आवडत नाहीत, पण संपादकाला हवेच असतील तर ‘पाचपैकी साडेतीन’ असं शब्दांत लिहा. अर्ध्या ताऱ्याचं चिन्ह पुष्कळ फाँटांत नसतं आणि तिथे रिकामा चौकोन उमटतो.

शेवट उघड होणार असेल तर त्याआधी स्वतंत्र ओळीत साधं वाक्य : यापुढे शेवटाचा उल्लेख आहे. तीन उद्गारचिन्हांची गरज नाही. उद्गारचिन्ह मुळात परीक्षणात फारसं लागतच नाही, ‘अप्रतिम!’ लिहून छायालेखन कसं होतं ते कळत नाही. टिंबांचंही तसंच. लोपचिन्हाची टिंबं तीन असतात, ती उद्धृत मजकुरातला गाळलेला भाग दाखवतात. वाक्य कसं संपवावं हे सुचत नाही म्हणून पाच-सहा टिंबं टाकण्याची मराठीत सवयच पडली आहे, ती परीक्षणात फारच उघडी पडते.

जाता जाता, पूर्णविराम आपला टिंबाचा. उभा दंड हिंदीचा. फोनवर हिंदी कळफलक निवडलेला असला की तो डोकावतो. त्याच कळफलकावर ‘दुसऱ्या’, ‘ताऱ्यांचं’ यांतला ऱ नीट मिळत नाही आणि ‘दुसर्या’ असा रफार उमटतो. ‘ॲक्शन’, ‘ॲनिमेशन’ यांतला ॲ हे एकच अक्षर आहे, ‘अ’वर चंद्र चिकटवून केलेली जोडणी काही फोनांवर फुटते. परीक्षणात हे शब्द सतत येतात, म्हणून मराठीच कळफलक लावा.

पाठवण्याआधीची तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि ती ‘शोधा’ची सोय वापरून करावी, डोळ्यांवर विसंबून नाही. आधी सरळ अवतरण शोधा. फोनवर लिहिलेल्या भागात सरळ आणि संगणकावर लिहिलेल्या भागात वळणदार, अशी सरमिसळ झालेली असते. सगळी वळणदार करा. वर्ड हे बदल आपोआप करतो, पण संयोगचिन्हानंतर येणारं उघडतं अवतरण कधीकधी मिटतं करून टाकतो, तेवढी ठिकाणं हाताने बघा. मग मिटतं अवतरण आणि त्यापुढची जागा अशी जोडी शोधा. जिथे पुढे ने, ला, चा, मध्ये आहे तिथली जागा काढा, जिथे ‘हा’, ‘या’ आहे तिथे राहू द्या. त्यानंतर मिटता कंस शोधा आणि त्याला प्रत्यय चिकटलाय का ते पाहा. शेवटी प्रत्येक चित्रपटाचं आणि माणसाचं नाव एकेक करून शोधा : लेखात जितक्या वेळा ते आहे असं तुम्हाला वाटतं तितक्या वेळा सापडलं नाही, तर कुठेतरी ते वेगळ्या ऱ्हस्व-दीर्घाने लिहिलं गेलंय. जुन्या फाँटात टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल तर ही तपासणी बदलल्यानंतर करा, आधी नाही, कारण अशा बदलात सर्वांत आधी अवतरणचिन्हंच बिघडतात.